नासजवळचा भूमध्य समुद्र

आयर्लंडमध्ये आम्ही नऊ आठवडे होतो आणि त्यातले सहा आठवडे मी इजिप्तमध्ये होतो. हे वाक्य माझं नव्हे, माझ्या बायकोचं आहे, आणि नाशिकला परतल्यापासून ती ते प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देते. पाहुणे हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. म्हणून पुढचं मी लिहून काढलं आहे.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं कालव्यावरच्या कॅम्पात गेली, जिथे संध्याकाळी करण्यासारखं काही नसायचं. अशाच एका कॅम्पात, एका जुन्या मासिकात, मी कत्ताराबद्दल पहिल्यांदा वाचलं. इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात हा प्रचंड खळगा आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या शंभर मीटरहून जास्त खाली, आणि उत्तरेला भूमध्य समुद्र, तसा फार लांब नाही. तेव्हा समुद्रापासून खळग्यापर्यंत कालवा खणायचा, पाणी आत सोडायचं आणि पडत्या पाण्यावर वीज काढायची. खळगा भरला की वीज बंद पडेल, असं तुम्ही म्हणाल. पण तिथलं ऊन असं आहे की ठरावीक पातळीनंतर जितकं पाणी येईल तितकंच वाफ होऊन उडून जाईल आणि धबधबा चालूच राहील. ही कल्पना माझी नाही. शंभर वर्षं युरोपातले विद्वान तिच्या मागे आहेत, आणि एके काळी तर हा कालवा अणुस्फोटांनी खणायचाही बेत होता. माझा वाटा एवढाच की कालव्याची आखणी मी नव्याने केली, नकाशे काढले, आणि तीस वर्षांत त्याची दोन किलो वजनाची फाईल झाली.

ज्यांनी सरकारी खात्यात काम केलेलं नाही त्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. खालून वर गेलेलं अंदाजपत्रक साहेबाने मनावर घेतलं असेल तर ते त्रुटी काढून परत येतं. अमुक दर कुठून घेतला, तमुक ठिकाणी खडक लागला तर काय करणार. त्रुटी आली की अभियंता वरवर चिडतो पण आतून सुखावतो, कारण कोणीतरी वाचलेलं असतं. ज्यावर त्रुटी येत नाही ते एकतर न वाचता मंजूर होतं, नाहीतर कपाटावर धूळ खात पडतं. कत्ताराची योजना मी वकिलातींना पाठवली, विद्यापीठांना पाठवली, एकदा एका मंत्र्यांच्या मेहुण्यांनाही दिली. पोच आली, एका ठिकाणाहून दिवाळीचं शुभेच्छापत्र आलं, पण त्रुटी एकही आली नाही. लोकांना मरण्यापूर्वी काशीला जायचं असतं. मला कोणीतरी एक त्रुटी काढून हवी होती.

आमच्या घरात तर प्रश्नच नव्हता. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, तीस वर्षांत या फाईलबद्दल एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे ही आता माळ्यावर टाकू का. आयर्लंडचं सामान भरताना तिने फाईल काढून त्या जागी भाजणी आणि मेतकूट भरलं. मी फाईल पाठीवरच्या पिशवीत घातली आणि विमानात मांडीवर घेऊन बसलो.

नास

आमची मुलगी मुक्ता नास गावात राहते. डब्लिनला नोकरीला जाणाऱ्या लोकांचं हे गाव. मुक्ता आठवड्यातून दोन दिवस डब्लिनकडच्या चेरीवूडच्या ऑफिसला जाते आणि उरलेले तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिस मांडते, त्यामुळे ते तीन दिवस शैलाला फोडणीसुद्धा हळू आवाजात करावी लागे. जावई अनिरुद्ध चिपच्या कारखान्यात आहे. नात ईरा सात वर्षांची. तिला आमचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती तिथल्या इंग्रजीत देते, आणि तेही असा हेल काढून की ती माझी समजूत काढते आहे असं मला सारखं वाटे.

तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदाच एकटा फिरायला गेलो. त्या वसाहतीतली सगळी घरं एकसारखी आहेत, दारांचे रंगसुद्धा दोनच. परत आलो तर दार उघडंच होतं. बूट काढले, आत गेलो, सोफ्यावर बसलो आणि पाय वर घेतले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून सत्तरीच्या आसपासचा एक लालबुंद, रुंद खांद्यांचा माणूस आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आज हवा बरी आहे म्हणाला, आणि चहात दूध चालेल ना, असं विचारलं. मला वाटलं अनिरुद्धने प्लंबर बोलावला असावा. मी त्याला नळाचं काम कुठवर आलं असं विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला की नळ ग्रँड आहे. मग आम्ही चहा प्यायलो. चहा अगदी आपल्यासारखा कडक होता, फक्त आलं नव्हतं. सोबत जाड तपकिरी पाव आणि त्यावर बोटभर लोणी. दुसरा कप अर्धा झाल्यावर समोरच्या भिंतीवर त्या प्लंबरच्या लग्नाचा फोटो मला दिसला.

मी घाईघाईने उठलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, बसा हो, पाव संपवा. हा डेक्लन, मुक्ताचा शेजारी. मी त्याला विचारलं की अनोळखी माणूस घरात घुसून सोफ्यावर पाय घेऊन बसला तरी तुम्ही काही बोलला कसे नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही दमलेले दिसलात." आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर वॉचमन, सेक्रेटरी आणि चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी असे तिघंही जमले असते आणि वहिनींनी व्हिडिओ काढला असता.

तिसऱ्या कपाला मी त्याला कत्तारा सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी म्हणाला की हे ग्रँड आहे, गुरुवारी शेडमध्ये येऊन सगळ्यांना सांगा.

शेड

आपल्याकडे निवृत्त पुरुष कट्ट्यावर बसून देश चालवतात. तिथे ते शेडमध्ये जमतात आणि पक्ष्यांसाठी लाकडी घरं करतात. डेक्लनची शेड नासपासून थोड्या अंतरावर, ग्रँड कॅनॉल नावाच्या जुन्या कालव्याच्या काठी एका छोट्या गावात आहे. पत्र्याचं छप्पर, आत करवती, रंधे, जुन्या सायकली, आणि मधोमध एक किटली जी मी कधी थंड झालेली पाहिली नाही. दहा-बारा म्हातारे होते. माझ्या वयाचे, म्हणजे मी त्यांना म्हातारे म्हणू नये.

मी भिंतीवर नकाशा लावला आणि पन्नास मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा कत्तारावर श्रोते मिळाले होते, आणि तेही जागे. शेवटी मी म्हणालो की काही शंका, आक्षेप, त्रुटी असतील तर नि:संकोच सांगा, आणि वही उघडून पेन हातात धरून उभा राहिलो. एक जण ग्रँड म्हणाला. दुसरा म्हणाला की युअर मॅनने, म्हणजे या गृहस्थाने, बरीच मेहनत घेतलेली दिसते. तिसऱ्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. मी पुन्हा विचारलं, वाटेत डोंगर आहे त्याचं काय, असं कोणाला वाटत नाही का? नाही, डोंगरही ग्रँड होता.

मग मार्टिन बोलला. तो निवृत्त वायरमन, कानाला यंत्र लावणारा, आणि त्यामुळे पन्नास मिनिटांतली किती त्याच्यापर्यंत पोचली होती कोण जाणे. तो म्हणाला की दीड महिन्याने गावाची जत्रा आहे, दरवर्षी शेडतर्फे पक्ष्यांची घरं मांडून लोक कंटाळलेत, या वेळी शेडच्या मागच्या कुरणात हे वाळवंट करू या. खरं पाणी सोडू, खरा दिवा लावू. सगळे म्हणाले, ग्रँड.

घरी आल्यावर मी मुक्ताला सांगितलं की योजना एकमताने मंजूर झाली, पण एकही त्रुटी निघाली नाही म्हणून मन खातंय. ती हसायला लागली. "बाबा, इथे ग्रँड म्हणजे बरं आहे, नको, राहू दे, आणि तुम्हाला वेड लागलंय, हे सगळंच," ती म्हणाली. मी विचारलं, मग ही माणसं नाही कसं म्हणतात? "म्हणत नाहीत. मी इथे आले तेव्हा मॅनेजर माझ्या डिझाइनला ग्रँड म्हणाला. मी दोन महिने खूश होते."

शैला भाजणी भिजवत होती. तिने एवढंच विचारलं की त्या बारा जणांसाठी थालीपिठं किती लागतील.

बॉग

वाळवंट करायच्या आधी डेक्लनने मला त्याचा खळगा दाखवायला नेलं. गाडीने पश्चिमेकडे गेलं की हिरवी कुरणं एकाएकी संपतात आणि नजर पोचेल तिथवर काळी सपाट जमीन लागते. ही बॉग, म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेल्या शेवाळाची दलदल. तिचा वाळलेला थर, ज्याला पीट म्हणतात, कापून तिथे चुलीत आणि वीजघरात जाळायचे. तो कापायचा तर आधी पाणी काढायला हवं. डेक्लनने पस्तीस वर्षं तिथे चर खणायचं यंत्र चालवलं. एकेक चर सरळ रेषेत मैलभर लांब. थरामागून थर कापून झाल्यावर आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल असा हा काळा खळगा उरला.

आता तिथे पीट कापणं बंद झालं आहे आणि खळग्यात पुन्हा पाणी साठवायचं ठरलं आहे, म्हणजे बॉग पुन्हा जिवंत होईल आणि हवेलाही बरं. तेव्हा नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत डेक्लनला काम मिळालं ते स्वतःच खणलेले चर बुजवायचं. आम्ही बांधावर उभे होतो. समोर उथळ पाणी पसरलं होतं, त्यात आपल्या टिटवीसारखा एक पक्षी ओरडत फिरत होता. मी त्याला विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला की पहिला चर बुजवताना तो दिवसभर जेवला नाही, पण नंतर हे पक्षी आले.

मी आयुष्यभर पाणी न्यायच्या खटपटीत होतो. माझ्या कालव्याच्या शेवटच्या चारीला, म्हणजे टोकाच्या शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, अकरा वर्षांत पाणी पोचलं ते फक्त पाहणीच्या दिवशी, कारण त्या दिवशी वरच्या सगळ्यांची दारं आम्ही बंद करवली होती. साहेबांची जीप वळली आणि पाणीही वळलं. हे मी डेक्लनला सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, शैलालासुद्धा नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि या वेळी ग्रँड म्हणाला नाही.

इजिप्त

कुरणात कत्तारा करायला आम्हाला तीन आठवडे लागले. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, मध्ये अडीच फूट खोल खळगा. कालव्यातून थेंबभर पाणी घ्यायचं तरी परवानगी लागते, म्हणून शेडच्या छपराचं पन्हळ एका मोठ्या प्लास्टिकच्या टाकीत सोडलं आणि टाकीला निळा रंग दिला. तो भूमध्य समुद्र. टाकीपासून खळग्यापर्यंत वीस फुटांचा कालवा. खळग्याच्या तोंडाशी मार्टिनने सायकलच्या चाकाला आमटी वाढायचे डाव बांधून जलचक्र केलं आणि त्याच्यावर डायनामो बसवला. डाव त्याने बायकोच्या स्वयंपाकघरातून आणले होते, आणि ते तिच्या लक्षात आल्याचं मला पुढे समजलं.

मी कामावर कडक होतो. पाझर हा माझा जन्माचा वैरी. कालव्यातलं पाणी चोरांनी नेलं त्याहून जास्त जमिनीने गिळलेलं मी पाहिलं आहे. म्हणून खळग्याला आणि कालव्याला चिकणमातीचं अस्तर, तीन थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. धुमस मी मार्टिनकडून ओंडक्याला दांडा लावून करून घेतला. आयरिश माणसं चेष्टा न करता ठोकत होती. डेक्लनने एकदा खळग्याच्या तळाशी उभं राहून आजूबाजूला पाहिलं आणि पाणी बाहेर कुठून जाणार असं मोघम विचारलं. मला वाटलं, आली त्रुटी. मी उत्साहाने त्याला अर्धा तास बाष्पीभवन समजावलं. वाळवंटात पाऊस नाही, म्हणून सांडवा नको, निचरा नको, सूर्य हाच निचरा. तो म्हणाला, ग्रँड, आणि फावडं उचललं. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या एका पट्ट्यात माती जरा निराळी, ओलसर दिसली. मी म्हटलं, दव पडलं असेल.

शैला रोज दुपारी यायची. खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसायची, चार वाजता डबा उघडायची. पहिल्या दिवशी थालीपिठं, मग भजी, मग साबुदाण्याची खिचडी, जिच्यातले साबुदाणे माशाची अंडी समजून त्यांनी चमच्याने उलटेसुलटे करून कुठला मासा आहे ते पाहिलं. आठवडाभरात असं झालं की मी उशिरा पोचलो तर चालायचं, पण शैला आली नाही तर कामाला रंग चढायचा नाही. गावात माझी ओळख वाळवंटवाला म्हणून झाली. दुकानात एका बाईने मला विचारलं की इजिप्त कसं चाललं आहे. मी म्हणालो, अस्तर पूर्ण झालंय. ती म्हणाली, देवाची कृपा.

जत्रा शनिवारी होती आणि त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही निघणार होतो. मला झोप लागेना. तीस वर्षांत जे कागदावर होतं ते एकदा पाण्याने करून दाखवायचं होतं. पाणी समुद्रातून निघेल, वीस फूट चालेल, खळग्यात पडेल, दिवा लागेल. एवढं डोळ्यांनी पाहिलं की पुरे, असं मी शैलाला म्हणालो. ती म्हणाली, छत्री घ्या.

जत्रा

बुधवारी पाऊस सुरू झाला. गुरुवारी थांबला नाही. शुक्रवारी मी मुक्ताच्या खिडकीशी उभा राहून त्याला बघत होतो आणि ईरा मला सांगत होती, "आजोबा, इट्स ओन्ली अ सॉफ्ट डे," म्हणजे नुसती भुरभुर. शनिवारी सकाळी उघडलं. मी डेक्लनच्या गाडीतून उतरून धावतच कुरणात गेलो.

माझ्या खळग्यात पाणी होतं, काठोकाठ. शेडच्या सगळ्या छपराचं पाणी तीन दिवस भूमध्य समुद्रात पडत राहिलं, समुद्र भरून वाहिला, ते पाणी माझ्या कालव्याने शिस्तीत खळग्यात आलं, आणि माझ्या तीन थरांच्या अस्तराने त्यातला एक थेंबही जमिनीत जाऊ दिला नाही. इतकं पाणीबंद काम मी नोकरीत कधी केलं नव्हतं. मार्टिनचं चाक अर्ध्याच्या वर बुडालं होतं आणि वर दोन बदकं फिरत होती.

समुद्र आणि खळगा एकाच पातळीला. पडायला जागा नाही, म्हणजे दिवा नाही. जत्रा सुरू व्हायला दीड तास होता. मी बादली घेऊन उपसायला लागलो. दहा बादल्यांनी पातळी दोन बोटंसुद्धा उतरली नाही आणि माझी कंबर धरली. शैलाने बादली माझ्या हातातून काढून घेतली.

डेक्लन टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता. म्हणाला, "तिथे खाली एक लहानसा पाइप असण्याची शक्यता आहे."

मी विचारलं, कुठे खाली? त्याने खळग्याच्या तळाकडे बोट केलं. पाइप तळातून बांधाखालून पलीकडच्या चरापर्यंत गेला होता, आणि तो चर खळग्याहून चार फूट खोल होता. तोंडाला लाकडी बूच, त्यावर चिकणमाती. तीन आठवड्यांपूर्वी, मी घरी गेल्यावर, त्याने आणि मार्टिनने तो पुरला होता. ती ओलसर पट्टी दवाची नव्हती.

मी चिडलो. परक्या देशात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने जितकं चिडू नये तितका चिडलो. म्हणालो, पस्तीस वर्षं तुम्ही निचऱ्याचं काम केलंत, तुम्हाला पहिल्या दिवशी दिसलं, मग तोंडाने का नाही सांगितलंत?

"तुम्ही फार खुशीत होतात," डेक्लन म्हणाला.

मार्टिनने चाक उचलून चराशी नेलं, पाइपच्या तोंडाखाली बसवलं. मी बांधावर उभा राहिलो आणि माझ्या खळग्याचं बूच काढायला स्वतः परवानगी दिली. डेक्लनने बांबूने माती उकरली, बूच ओढलं. पलीकडून पाण्याची जाड धार सुटली, चाक फिरलं, दिवा लागला. तेवढ्यात माणसं जमायला लागली होती. भोंगा हातात घेतलेल्या बाईने जाहीर केलं की इजिप्तला वीज मिळाली आहे. गावाने टाळ्या वाजवल्या. पाणी आत येण्याऐवजी बाहेर जात आहे, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. आलं असेल तर ते ग्रँड असणार. लोकांनी माझा हात हातात घेतला, एका आजीने माझ्याबरोबर फोटो काढला, आणि मग सगळे कुत्र्यांची स्पर्धा बघायला गेले. मी हसत होतो आणि मनातून पार खचलो होतो. तीस वर्षांची योजना उलटी चालवून टाळ्या घेतल्या होत्या, आणि पाहणीच्या दिवसाची जीप मला आठवत होती.

पाचच्या सुमाराला ऊन पडलं. जत्रा दुसऱ्या टोकाला सरकली होती. खळगा रिकामा झाला होता, तळाशी चिखल चमकत होता. मी सामान आवरायला लागलो तर डेक्लन खाली उतरून बूच ठोकत होता. मार्टिन चाक परत खळग्याच्या तोंडाशी आणत होता. डेक्लनने मान हलवली आणि मी भूमध्य समुद्राची तोटी उघडली.

पाणी निघालं. कालव्यातून सावकाश पुढे आलं, वळणावर थोडं थबकलं, पुढे सरकलं, आणि शेवटपर्यंत पोचलं. शेवटपर्यंत पोचलेलं पाणी मी पाहिलं. मग ते खाली पडलं, चाक अडखळलं, फिरलं, आणि उन्हात नीट दिसणारही नाही असा दिवा लागला. बघायला आम्ही चौघंच होतो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. डेक्लन आणि मार्टिन दोघंही ग्रँड म्हणाले. ग्रँडचा हा प्रकार मला तोवर माहीत नव्हता.

शैला खुर्चीतून उठून खळग्याच्या काठाशी आली होती. शब्दकोडं मिटलेलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

"अहो, हे पावसाचं पाणी. तिकडे समुद्राचं येणार ना?"

मी हो म्हणालो.

"आणि ते उन्हाने उडून जाणार. मग मीठ कुठे जाणार?"

फाईलच्या सत्तावीस नंबरच्या पानावर मिठाबद्दल एक ओळ आहे. ती अशी: मीठ विकता येईल. मी ती म्हणून दाखवली. शैला हसली नाही. तिचं माहेर पेणकडचं, वडील मिठागरावर मुकादम, आणि लहानपणी शाळा सुटली की ती वाफ्यांच्या बांधांवरच असायची. हे मला ठाऊक होतं, लग्नात सासऱ्यांनी मला मिठाच्या दराबद्दल तासभर सांगितलं होतं. पण हे आणि कत्तारा मी कधी एकत्र धरलं नव्हतं. आम्ही गोड्या पाण्याची माणसं. ती काठीने चिखलात रेघा ओढून मला सांगू लागली. भरतीचं पाणी वाफ्यात घेतलं की थर बसतो. पुन्हा घेतलं की पुन्हा बसतो. तिथे खरवडायला शंभर हात असतात, म्हणून वाफा वाफा राहतो. "तुमच्या समुद्राएवढ्या वाफ्यात कोण खरवडणार? थर चढत जाणार. एक दिवस खळगाच मिठाने भरून येईल. मग पाणी पडेल कुठे?"

मी तिला विचारलं की हे तिला कधी सुचलं.

"तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच. मी भाकऱ्या करत होते."

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगत होतात. विचारलंत कधी?"

डेक्लनला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी झालं आहे हे कळलं. मी त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं, मिठागर, थर, खरवडणं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, खळग्याकडे पाहिलं, शैलाकडे पाहिलं. म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे." दीड महिन्यात कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच मी इतकं स्पष्ट वाक्य ऐकलं.

मंगळवारी आम्ही निघालो. विमानात मी तिला डोंगराचा भाग वाचून दाखवला. तिला त्यात काही चुकीचं आढळलं नाही, पण दुसऱ्या एका पातळीबद्दल ती म्हणाली की हे परत मोजा.

नाशिकला आल्यावर फाईलला मी नवीन पान जोडलं. वर लिहिलं आहे: त्रुटी क्रमांक एक, मिठाच्या थराची विल्हेवाट, सौ. शैला यांजकडून. खालचा उत्तराचा रकाना कोरा आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघं तो घेऊन बसतो, ती तिच्या वडिलांचं काहीबाही आठवून सांगते आणि मी लिहून घेतो. कदाचित याला उत्तर नाही आणि योजना इथेच संपते. मला अजिबात घाई नाही.